हडकुळा, पण निरोगी?

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. खूप खेळतो, आजारी क्वचितच पडतो; पण फारच हडकुळा आहे. नातेवाईक मलाच बोल लावतात. काय करू?

उत्तर : ताई, आईवडिलांची अंगकाठी सडपातळ असेल, तर मूलही तसेच असू शकते. या वयात वर्षाला साधारण २ किलो वजन आणि ६ सेंटिमीटर उंची वाढत असेल, तर काळजी नको. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून वाढीचा तक्ता भरून घ्या. मागे लागून भरवू नका. त्याने जेवणाचाच तिटकारा येतो. दूध दिवसाला दोन कप पुरे, जास्त दुधाने भूक मरते. वरणभातावर तूप, शेंगदाण्याचा लाडू, अंडे द्या. वजन वाढणे थांबले किंवा जुलाब, खोकला, ताप रेंगाळला, तर लगेच तपासून घ्या. आणि त्याच्यादेखत त्याला कुणालाही ‘हडकुळा’ म्हणू देऊ नका.