भाड्याची मोटार आणि आपला विमा

घरची मोटार दुरुस्तीला गेली. गावी लग्न आहे. मग आपण भाड्याची मोटार आणतो आणि स्वतः चालवतो. वाटेत ती झाडाला घासली. दार चेपले. आपण म्हणतो, "काळजी कशाला? आपला विमा आहे की!"

इथेच आपण फसतो.

आपल्या देशात मोटारीचा विमा त्या मोटारीपुरताच असतो. आपली पॉलिसी काढून पाहा. तिच्यावर आपल्या मोटारीचा नंबर असतो, इंजिनाचाही असतो. दुसऱ्या मोटारीचे नुकसान ती भरून देत नाही. अमेरिकेत पुष्कळांचा विमा भाड्याच्या मोटारीलाही चालतो. पण ती रीत इथली नव्हे.

मग चेपलेल्या दाराचे पैसे कोणी द्यायचे? भाड्याच्या मोटारीचा विमा तिच्या मालकाने उतरवलेला असतो. तरी काही रक्कम आपल्या अंगावर येऊ शकते. किती, ते करारपत्रात लिहिलेले असते. खाली सही आपली असते.

नंबरपाटीही पाहावी. पेट्रोल-डिझेलच्या मोटारीवर काळी पाटी आणि पिवळी अक्षरे असली, तर ती स्वतः चालवायला भाड्याने देण्याची मोटार. पांढरी पाटी खासगी मोटारीची. खासगी पॉलिसीत मोटार भाड्याने देण्यास मनाई असते. अशा वेळी विमा कंपनी हात वर करू शकते.

म्हणून आम्ही सांगतो, मोटार घेताना जुने ओरखडे मालकाला दाखवा. मोबाइलवर फोटो काढा. करारपत्र पुरते वाचा, मगच सही करा. न वाचता अंगठा उठवण्याचे दिवस आपण मागे टाकले आहेत.