खरखरणारी घुंडी : जुन्या मापनयंत्रांची निगा

ज्यांच्या घरीं वाडवडिलांच्या वेळचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, त्यांस आवाजाची घुंडी फिरवितांना होणारी खरखर ठाऊक असेल. रेडिओंत ती कानास त्रास देते, इतकेंच. मापनाच्या यंत्रांत मात्र तिचा परिणाम निराळा होतो. तेथें घुंडी कोठें उभी आहे हें पाहून आपण आंकडा वाचतों; आंतला स्पर्श मधूनमधून सुटत असेल, तर यंत्र खोटें सांगत असतें आणि आपण तें खरें मानून वहींत लिहीत असतों. यास्तव अशा घुंड्यांची साफसफाई व वंगण यांविषयीं विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणासाठीं एकच यंत्र घेऊं. अमेरिकेंत ऑरेगॉन संस्थानांतील पोर्टलंड शहरीं १९४६ सालीं टेक्ट्रॉनिक्स कंपनी निघाली. हॉवर्ड व्होलम व जॅक मर्डॉक हे तिच्या संस्थापकांपैकीं होत. १९४७ सालीं तिनें ‘५११’ नांवाचा ऑसिलोस्कोप, म्हणजे विद्युल्लहरींचें चित्र पडद्यावर काढून दाखविणारें यंत्र, ७९५ डॉलरांस विकावयास काढला. सेकंदास सुमारें १ कोटी आवर्तनांपर्यंतच्या लहरी त्यांत पाहतां येत. हीं यंत्रें आज हौशी लोक आवडीनें जतन करतात, आणि बहुतेकांची पहिली तक्रार घुंड्यांविषयींच असते.

घुंडीच्या मागें दोन प्रकारच्या वस्तु असतात. एक पोटेन्शिऑमीटर : यांत कार्बनचा एक अर्धवट गोल पट्टा असून त्यावरून एक सरकता स्पर्श फिरतो. दुसरा फिरता स्विच : यांत चकतीवर बसविलेले, बहुधा चांदीचा मुलामा दिलेले स्पर्श एकामागून एक जुळतात. कार्बनवर धूळ व झिजलेली पूड सांचते. चांदी हवेंतील गंधकाच्या योगानें काळी पडते, जसा देव्हाऱ्यांतील वा दिवाणखान्यांतील चांदीचा दिवा काळा पडतो तशी.

परंतु खरखर ऐकूं आली कीं औषध ओतावें, ही घाई आम्हांस मान्य नाहीं. वैद्य आधीं नाडी पाहतो. पडद्यावर स्थिर रेषा आणावी व ती वरखालीं नेणारी घुंडी हळूहळू फिरवावी. रेषा जागोजाग थरथरली तर मळ समजावा. प्रत्येक वेळीं एकाच ठिकाणीं उडी मारली तर तेथें पट्टा बहुधा झिजला आहे. धुण्यानें झीज भरून येत नाहीं. घुंडीस हात न लावतां रेषा नाचली तर दोष अन्यत्र शोधावा. आणखी एक फसवें कारण आहे. आवाजाच्या घुंडीवर सहसा एकदिश दाब नसावा. त्या काळच्या कागदी कपॅसिटरमधून तो झिरपूं लागला म्हणजे स्वच्छ पट्टाही खरखरतो. तेथें कपॅसिटर बदलणें हाच उपाय. उलट रेषा सरकविणाऱ्या घुंडीवर असा दाब मुद्दाम दिलेला असतो, म्हणून थोडाही मळ तेथें लागलाच डोळ्यांस दिसतो.

आतां धोक्याची गोष्ट. या यंत्रांच्या चित्रनळीस हजारों व्होल्टांचा दाब लागतो, आणि वीज तोडल्यावरही कपॅसिटरांत तो कांहीं काळ दडून राहतो. पेटी उघडण्याचें काम जाणत्या माणसाचेंच होय. त्यानें तार काढून, थांबून, योग्य रोधकानें कपॅसिटर रिते करून, मीटरनें खात्री केल्यावरच मुलांनीं जवळ यावें. पालकांनीं या बाबतींत मुलांचा हट्ट चालूं देऊं नये.

प्रत्यक्ष काम मात्र थोडक्यांत आटपतें. प्रथम मऊ कुंचल्यानें बाहेरची धूळ काढावी, नाहीं तर तीच ओली होऊन आंत जाते. पोटेन्शिऑमीटरच्या जोडपट्ट्यांजवळ बारीक फट असते. तींतून पिचकारीच्या सुईनें स्पर्श-शोधक द्रवाचे एक-दोन थेंब सोडावे आणि घुंडी या टोंकापासून त्या टोंकापर्यंत तीस-चाळीस वेळां फिरवावी. निव्वळ आयसोप्रोपिल अल्कोहोल मळ नेतें, पण त्याबरोबर मूळचें वंगणही नेतें. म्हणून नंतर कार्बनला चालणाऱ्या वंगणाचा अगदीं पातळ लेप हवा. अल्कोहोल पेट घेतें. खिडक्या उघड्या ठेवाव्या व पूर्ण सुकल्यावांचून वीज जोडूं नये. बाजारांत सर्वत्र मिळणारा डब्ल्यूडी-४० अनेकजण येथें मारतात. तो १९५३ सालीं पाणी हटवून गंज रोखण्यासाठीं तयार झाला, पोटेन्शिऑमीटरसाठीं नव्हे.

दांडाच जड झाला असेल तर दोष पट्ट्याचा नसून आटून गेलेल्या ग्रीजचा असतो. दांडा व त्याची बुशिंग यांच्यामध्यें पातळ तेलाचा एक थेंब पुरतो. तो पट्ट्याकडे वाहूं देऊं नये.

स्विचचें काम अधिक नाजूक आहे. द्रव लहान कुंचल्यानें केवळ धातूच्या स्पर्शांस लावावा. डबा दाबून फवारा मारल्यास चकतीच भिजते. ती द्रव शोषून घेते, दोन स्पर्शांमध्यें वीज किंचित् झिरपूं लागते, आणि जें माप शुद्ध करावयास निघालों तेंच बिघडतें. कांच-कागद तर जवळ आणूंच नये, कारण मुलामा फार पातळ असतो. टक्-टक् करून थांबणारी जी गोळी असते, तिला मात्र थोडें ग्रीज द्यावें.

सर्व सुकल्यावर यंत्र अर्धा तास तापूं द्यावें आणि ज्याचा दाब निश्चित ठाऊक आहे अशा विद्युत्स्रोतावर प्रत्येक पायरी पडताळून पाहावी. कोणता द्रव, कोणत्या घुंडीस, कोणत्या दिवशीं घातला, हें एका चिठ्ठीवर लिहून ती पेटीच्या झांकणास आंतून चिकटवावी. पुढें झांकण उघडणारास तिचा उपयोग होतो.