अंश मागितले, मिलिमीटर विचारलेच नाहीत

गाडी पुसताना फडक्याला तांबूस डाग लागला. पावसाळ्यात जुन्या बुलेटला कुठे ना कुठे गंज धरतोच, म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच डाग. हँडलखाली, चासीच्या मानेला पुढचा नळा जिथे जोडलाय, तिथे काळ्या रंगात केसाएवढी तपकिरी रेघ होती. नख फिरवलं तर अडकलं. मग रेघेवर रॉकेल सोडलं, कोरडं पुसून घेतलं आणि वर पांढरा खडू घासला. थोड्या वेळात खडूवर बोटभर लांब ओली रेघ उमटली. भेगेत शिरलेलं रॉकेल परत बाहेर येत होतं. आदल्याच रविवारी ह्या गाडीवर मी करूळ घाट उतरलो होतो.

गाडी मामांची, 1994 ची स्टँडर्ड 350. मला तिची चॉपर करायची होती. खूळ ‘ईझी रायडर’चं. 1969 चा तो सिनेमा, पीटर फोंडाची ती लांब नाकाची हार्ली. तिच्यासमोर वाळवंटातला सरळ, रिकामा रस्ता असतो. कोल्हापुरातून कोकणात उतरायचं तर घाट चुकत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मिस्त्रीकडे फोटो घेऊन गेलो. म्हटलं, पुढचं चाक असं लांब गेलं पाहिजे. त्याने मान कापून बारा अंश मागे कलवली आणि वेल्डिंग मारलं. शॉकअपचे पाईप लेथवर तुकडे जोडून सहा इंचांनी वाढवले. सहा इंचांनी गाडीचं नाक वर उचललं गेलं आणि कोन आणखी दोनेक अंशांनी सरकला. हा हिशेब ना त्याने केला, ना मी. त्याचा हात चांगला होता, नाही असं नाही. पण त्याला वेल्डिंग कळत होतं आणि मला फोटो. मधली भूमिती कुणालाच कळत नव्हती.

ती भूमिती म्हणजे ट्रेल. हँडलचा दांडा ज्या रेषेत कललाय ती रेषा सरळ जमिनीपर्यंत न्या. ती जिथे टेकते त्याच्या थोडं मागे टायर जमिनीला टेकलेला असतो. ह्या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. दवाखान्यातल्या ट्रॉलीचं चाक पाहा, खिळ्याच्या मागे फरफटत येतं म्हणूनच सरळ राहतं. मोटरसायकल सरळ धावण्यामागेही हे एक मोठं कारण असतं. मित्राच्या मूळ अवस्थेतल्या बुलेटवर मी ओळंबा लावून मोजलं तर ट्रेल शंभर मिलिमीटरच्या आसपास भरला. माझ्या गाडीवर दोनशेच्या वर.

दुप्पट ट्रेलने काय होतं ते घाटात कळतं. हायवेला गाडी रुळावरून चालल्यासारखी जाते, छाती फुगते. पण यू-टर्नला जरा वळवलं की हँडल स्वतःच्या वजनाने एका बाजूला आडवं पडतं, ते दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं. करूळच्या एका वळणावर मला तीनदा मागेपुढे करावं लागलं. मागे एसटी उभी. ड्रायव्हर हॉर्न न वाजवता नुसता बघत होता, ते जास्त लागलं.

पुण्यातल्या एका मित्राने उलटी चूक केली. मान कापायची नको म्हणून त्याने मूळ चासीवर शॉकअप धरणारी कललेली टी बसवली, म्हणजे शॉकअप दांड्यापेक्षा सात अंश जास्त पुढे झुकलेले. दिसायला तीच चॉपर. पण अशा टीने चाक पुढे जातं आणि ट्रेल वाढण्याऐवजी कमी होतो. त्याचा ट्रेल उरला जेमतेम वीस-पंचवीस मिलिमीटर. गल्लीत गाडी लोण्यासारखी वळायची, ऐंशीच्या पुढे हँडल थरथरायला लागलं आणि थांबेना. कॉलरबोन मोडून तो दीड महिना घरी होता. अमेरिकेतले जाणते कारागीर मान कलवतात तेव्हा वाढलेला ट्रेल अशाच टीने परत खाली आणतात. दोन्ही मिळून हिशेब बसतो. एकटी टी घातक.

म्हणून कटर लावण्याआधी ओळंबा, दोरी आणि खडू घ्या. गाडी सरळ उभी करा, वर माणूस बसवा आणि फरशीवर दोन्ही खुणा करा. नवा कोन, नवी लांबी धरून ट्रेल आधी कागदावर काढा. चार-पाच इंचांच्या पलीकडे जात असेल तर थांबा. शून्याजवळ येत असेल तर त्या गाडीवर बसूच नका.

शॉकअपचंही सांगतो. पाईप जितका आडवा, तितका खड्ड्यात तो दबण्याऐवजी वाकतो. माझे तर जाम व्हायचे आणि दणका थेट मानेत. भेग तिथेच पडली ह्यात नवल नाही. जोडाला बाहेरून पट्टीचा आधार नव्हता, कापताना चासी जिगमध्ये आवळलेली नव्हती. वेल्डिंग वरून सुंदर, मासळीच्या खवल्यांसारखं. आत किती शिरलंय ते डोळ्याला दिसत नाही. पुढच्या चाकावरचं वजनही कमी झालं होतं, ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की चाक घसरायचं.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून गाडी अशी बदलता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न सांगता बदल केला असेल तर क्लेमवर पाणी सोडायची तयारी ठेवा. हे सगळं मी नंतर वाचलं.

आधी वाचायला हवं होतं ते साधंच होतं. माझ्या गाडीचा चासी नंबर त्याच मानेवर ठोकलेला होता. पंधरा वर्षं उलटलेली गाडी दर पाच वर्षांनी आरटीओत दाखवावी लागते. तिथे साहेबांनी नंबरावर कागद धरून पेन्सिल फिरवली. पहिले आकडे स्वच्छ उमटले. शेवटच्या तीन आकड्यांच्या जागी नुसता ग्राइंडरचा चट्टा आला. साहेबांनी कागद माझ्याकडे वळवला आणि विचारलं, “ही गाडी कुणाची म्हणायची?”