अभिमानयात्रा आणि आपले शहर

नागपूरकरांना मोर्चा नवा नाही. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरले की शिक्षक, शेतकरी, अंगणवाडी सेविका आपापल्या मागण्या घेऊन विधानभवनाच्या दिशेने निघतात. मोर्चा कोणाकडे चालला आहे, हे तेव्हा सर्वांना ठाऊक असते. २०१६ साली या शहरात समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींची पहिली अभिमानयात्रा, म्हणजे 'प्राइड मार्च', निघाली. ती कोणाकडे निघाली होती? राज्यशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

या प्रथेचा उगम न्यूयॉर्कमधला. जून १९६९ मध्ये स्टोनवॉल नावाच्या मद्यगृहावर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा तेथील लोकांनी प्रतिकार केला. पुढील वर्षी त्याच्या स्मरणार्थ मोर्चा निघाला. आपल्या देशात २ जुलै १९९९ रोजी कलकत्त्यात अवघी पंधरा माणसे चालली. त्यानंतर मुंबईत २००८ साली आणि पुण्यात २०११ साली अशा यात्रा निघाल्या.

त्या काळी वाटेत १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ उभे होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्दबातल ठरविले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने असे संबंध गुन्ह्यातून वगळले. म्हणजे नागपूरची पहिली यात्रा निघाली तेव्हा ते कलम पूर्णपणे अंमलात होते. चालणाऱ्यांच्या पाठीशी होते ते घटनेचे कलम १९, जे शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला देते.

आता कलम ३७७ चे भय राहिलेले नाही. तरीही माझा एक मित्र म्हणतो, "मुंबईच्या यात्रेत मी जाईन. नागपुरात नाही. धरमपेठेत मामा राहतो, सीताबर्डीवर बाबांचे दुकान आहे." महानगराच्या गर्दीत माणूस अनोळखी राहू शकतो. आपल्या शहरात पदपथावर उभा असलेला बघ्या हा कोणाचा तरी काका, शिक्षक किंवा घरमालक असतो. अशा यात्रांतून काही जण तोंडावर मुखवटा लावून चालतात, त्याचे कारण येथे सापडते. त्यांना पोलिसांपेक्षा ओळखीच्या नजरेची धास्ती अधिक असते.

म्हणून माझ्या मते लहान शहरातील अभिमानयात्रेचे निवेदन प्रथम शेजाऱ्यांसाठी असते. सरकारकडे मागण्याजोगे पुष्कळ आहे. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नकार दिला आणि तो प्रश्न संसदेवर सोपविला. परंतु भाड्याची खोली, घरातले जेवणाचे ताट, वर्गातला बाक या गोष्टी कोणतेही न्यायालय मिळवून देत नाही. त्या आपल्याच हाती आहेत. माझा मित्र उद्या सीताबर्डीवरून उघड्या चेहऱ्याने चालला, तर दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्या शेजारी कोण बसेल, याचे उत्तर आपण विद्यार्थ्यांनीच द्यायचे आहे.