आजचे गीताचिंतन : वाटीतलं तेल

अध्याय ३ (कर्मयोग), श्लोक १२ आणि १३

आज वसुबारस, दिवाळीचा पहिला दिवा. आणि रोजच्या वाचनात आज हे दोन श्लोक आले. आधी त्यांचा आशय पाहू.

भगवंत अर्जुनाला सांगतात की, यज्ञाने संतुष्ट झालेले देव माणसाला हवे ते भोग देतात. पण त्यांनी दिलेल्यातलं त्यांना काहीच परत न करता जो नुसताच भोगतो, तो चोर आहे. लगेच पुढच्या श्लोकात म्हणतात, यज्ञ करून उरलेलं जे खातात ते पापातून सुटतात. जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात ते पापच खातात.

'चोर' हा शब्द मला बरीच वर्षं खटकायचा. मी कष्ट करतो, पगार घेतो, त्यातून खातो. यात चोरी कसली? याचं उत्तर मला तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मिळालं.

नोकरी पुण्यात, घर संगमनेरजवळच्या गावी. धनत्रयोदशीला संध्याकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं होतं. आईबाबांसाठी मोठा टीव्ही घ्यायचा मनात होता, आणि सूट होती ती नेमकी त्याच रात्रीपुरती. दुकानात ही गर्दी! कोणता घ्यावा, हप्ते किती, कागदांवर सह्या, यात दहा वाजून गेले. गाडी गेली. टीव्ही मागाहून गावी पोचणार होता, मी दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरली.

घरी पोचलो तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. न्हाणीपाशी पाट मांडलेला, भोवतीची रांगोळी तशीच. वाटीत तेल. शेजारी भिजवलेलं उटणं वाळून त्याला तडे गेलेले. आमच्याकडे नरक चतुर्दशीला मला तेल लावायचं काम बाबांचं, अगदी लहानपणापासून. आई म्हणाली, ते चारला उठून बंब पेटवून बसले होते.

बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ये. पाणी निवलं असेल, परत तापवतो." आणि बंबात लाकूड सारायला उठले.

मी देणारा होऊन आलो होतो. प्रत्यक्षात त्या घरात तीस वर्षं घेतच आलो होतो. पहाटेचं उठणं, तो हात, ते वाट पाहणं. त्याच्या बदल्यात त्यांना माझ्याकडून एक सकाळ हवी होती, आणि नेमकी तीच मी दुकानात खर्च करून आलो. भगवंत चोर कोणाला म्हणतात, ते त्या पाटावर बसल्यावर कळलं.

यज्ञ म्हटलं की आपल्याला होमकुंड आठवतं. पण ज्ञानेश्वर महाराज याच अध्यायावर बोलताना स्वधर्माचरणालाच नित्ययज्ञ म्हणतात. आपल्या वाट्याचं कर्तव्य मनापासून करणं हाच यज्ञ. शास्त्रांनी गृहस्थाला सांगितलेल्या पंचमहायज्ञांत देव आणि ऋषींच्या जोडीला पितर आहेत, घरी आलेला माणूस आहे, मुकी जनावरंही आहेत. ज्यांच्यामुळे आपण उभे आहोत, त्यांना त्यांचा वाटा पोचवायचा. याला मी कृतज्ञता म्हणतो. नुसतं 'थँक्यू' म्हणून ती पुरी होत नाही.

आता आपली दिवाळी या नजरेनं बघा. आज सवत्स धेनूची पूजा. पुष्कळ घरी आज गाईचं दूध-तूप वर्ज्य असतं. वर्षभर आपण घेतलं, आज ते वासराचं. धनत्रयोदशीला धन्वंतरीला नैवेद्य असतो धने-गुळाचा. मग अभ्यंग, पाडव्याचं ओवाळणं, भाऊबीज. प्रत्येक दिवशी एक माणूस दुसऱ्या माणसासमोर बसतो. तेल लावायला हात लागतो, ओवाळायला समोर कोणीतरी लागतं. ते पार्सलनं पाठवता येत नाही. फराळसुद्धा आधी देवापुढे, मग शेजारी ताट जातं, मग आपण खातो. तेराव्या श्लोकातलं 'उरलेलं खाणं' म्हणजे याहून वेगळं काय?

खरेदी वाईट असं मी म्हणत नाही. पोरांना नवे कपडे हवेतच, कुंभाराच्या पणत्याही खपल्या पाहिजेत. तो टीव्ही आजही घरी आहे, बाबा त्यावर बातम्या बघतात. पण वस्तू घेताना पैशाशिवाय आणखी काय मोजतोय, हे बघायला हवं. मी एक पहाट मोजली होती.

त्याच्या पुढच्या वर्षी बाबांचा उजवा हात साथ देईना. त्या दिवाळीला मी दोन दिवस आधीच गेलो. पहाटे बंब मी पेटवला, बाबांना पाटावर बसवलं आणि त्यांच्या पाठीला तेल लावलं. पाठ किती बारीक झाली होती! ते म्हणाले, "जरा जोरात चोळ, तुला शिकवलंय ना?" दोघंही हसलो. त्यांच्या हातचं तेल मात्र मला त्यानंतर मिळालं नाही. आदल्या वर्षी, पाणी परत तापवून लावलेलं, तेच शेवटचं.

आजचा संकल्प : खरेदीच्या यादीशेजारी दुसरी यादी करा. ज्यांचं आपण घेतलंय, त्यांची नावं. प्रत्येकापुढे वस्तू नको, वेळ लिहा. कोणत्या दिवशी, किती वाजता. आणि गाडीचं तिकीट आजच काढा.

देवा, तू दिलेलं मोजायला शिकव, आणि ज्याचं त्याला वेळेत परत करायची बुद्धी दे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥