मंदीतील खरेदीदार : सर जॉन टेम्पलटन

वैद्य, वकील, शिक्षक, व्यापारी हे धंदे आपणांस ठाऊक आहेत. परंतु दुसऱ्यांनी विश्वासाने सोपविलेले द्रव्य योग्य ठिकाणी गुंतवून वाढविणे हाही एक स्वतंत्र धंदा आहे, व त्यास विद्या, धीर आणि सचोटी ही तिन्ही लागतात. या धंद्यात विसाव्या शतकात ज्यांचे नाव जगभर झाले आणि ज्यांनी मिळविलेल्या धनाचा मोठा भाग धर्म व विज्ञान यांच्या अभ्यासास वाहिला, त्या सर जॉन टेम्पलटन यांची ही हकीकत आहे. पालकांपैकी काहींनी हे नाव म्युच्युअल फंडाच्या कागदांवर वाचले असेल. त्या नावामागचा मनुष्य मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो.

जॉन टेम्पलटन यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९१२ रोजी अमेरिकेतील टेनेसी संस्थानात, विंचेस्टर नावाच्या लहानशा गावी झाला. वडील वकील होते व सरकी काढण्याचा कारखानाही चालवीत. त्यांची कचेरी गावच्या चौकासमोर होती. कर्जापायी बुडालेल्या शेतकऱ्यांच्या जमिनींचे लिलाव त्याच चौकात होत. बोली बोलणारा कोणी न मिळाला म्हणजे जॉनचे वडील खाली उतरून ती जमीन अगदी अल्प किमतीस घेत. मुलाने हे पाहिले व मनात साठविले. त्या जमिनी गमावून रित्या हातांनी घरी जाणाऱ्या कुटुंबांना त्या लिलावाविषयी काय वाटत असेल, हा प्रश्न चरित्रकार फारसा विचारीत नाहीत. वाचकाने तो मनाशी विचारून ठेवावा.

शाळकरी वयातील त्यांची एक गोष्ट आपल्या वाचकांस विशेष रुचेल. येल विद्यापीठात प्रवेश मिळविण्यास गणिताचा चार वर्षांचा अभ्यास आवश्यक होता, आणि विंचेस्टरच्या शाळेत चौथ्या वर्षाचा वर्गच नव्हता. तेव्हा जॉनने मुख्याध्यापकांस गाठले, काही मित्रांची नावे वर्गात घातली, आणि तो वर्ग स्वतःच शिकविला! शिक्षकही तोच व विद्यार्थीही तोच. परीक्षा मात्र मुख्याध्यापकांनी घेतली. ‘आमच्या शाळेत अमुक सोय नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांस ही हकीकत मी आवर्जून सांगत असतो.

येल येथील पहिले वर्ष संपते न संपते तोच महामंदीने वडिलांचे हात आखडले आणि पुढील शिक्षणाचा खर्च देणे त्यांस अशक्य झाले. मग शिष्यवृत्त्या, महाविद्यालयातील नोकरी आणि पत्त्यांच्या खेळातील जिंकणूक यांवर जॉनने शिक्षण पुरे केले. पत्त्यांविषयी लिहिताना शिक्षकाची लेखणी थोडी अडखळते, परंतु चरित्र लिहावयाचे तर सोयीचे तेवढेच लिहून कसे चालेल? १९३४ साली ते उच्च श्रेणीत पदवीधर झाले, ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्ड येथे कायद्याचा अभ्यास केला, व नंतर पुष्कळ देश हिंडून स्वदेशी परतले. विवाहानंतर त्यांनी व त्यांच्या पत्नीने मिळकतीचा अर्धा भाग शिल्लक टाकण्याचा नेम केला. घरातील सामान जुन्या बाजारातले असे.

आता १९३९ सालची ती प्रसिद्ध खरेदी पाहू. सप्टेंबरात युरोपात युद्ध पेटले, शेअरबाजारात भीती पसरली, आणि जो तो विकावयास धावला. टेम्पलटन तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. आपल्या पूर्वीच्या वरिष्ठांकडून त्यांनी दहा हजार डॉलर कर्जाऊ घेतले व सांगितले की, ज्या ज्या कंपनीचा शेअर एक डॉलर किंवा त्याहून कमी भावाने मिळत असेल, त्या प्रत्येकीचे शंभर डॉलरांचे शेअर माझ्यासाठी घ्यावे. दिवाळे निघालेल्या कंपन्या वगळून खरेदी झाली, असे उत्तर आले. टेम्पलटन म्हणाले, त्याही घ्या. अशा रीतीने १०४ कंपन्यांचे शेअर घेतले गेले, व त्यांपैकी ३४ कंपन्या दिवाळखोरीत होत्या.

हा जुगार नव्हता काय? वरवर पाहता तसे वाटते, पण त्यांची विचारसरणी ध्यानी घेण्यासारखी आहे. युद्ध आले म्हणजे लोखंड, कोळसा, कापड, आगगाडीची वाहतूक अशा सर्वच गोष्टींस मागणी वाढणार. सुस्थितीतील कंपन्यांच्या वाढत्या नफ्यावर सरकार जबर कर बसविणार. उलट ज्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे तोटा सोसला, त्यांस तो जुना तोटा नव्या नफ्यातून वजा करता येणार, म्हणून त्यांच्यावर कराचा भार कमी पडणार. अर्थात निकृष्ट मालाचा भावच अधिक चढेल. पुन्हा, कोणती कंपनी तरेल व कोणती बुडेल हे आपणांस ठाऊक नाही हे ओळखून त्यांनी थोडी थोडी रक्कम सर्वत्र वाटली होती. मिसूरी पॅसिफिक नावाच्या आगगाडी कंपनीचे शंभर डॉलरांचे शेअर त्यांनी डॉलरच्या एक अष्टमांश भावाने घेतले व पाच डॉलरला विकले. तोच शेअर पुढे शंभराच्या वर गेला! सर्व मिळून सुमारे चार वर्षांत दहा हजारांचे चाळीस हजार झाले आणि १०४ पैकी अवघ्या चार कंपन्या फुकट गेल्या.

तथापि पालकांस एक विनंती आहे. या कथेतील कर्जाचा भाग अनुकरणीय समजू नये. स्वतः टेम्पलटन कर्जाचे कट्टर विरोधी होते आणि घरेदेखील रोख पैसे मोजून घेत. हा एकच अपवाद त्यांनी केला व तो फळास आला, इतकेच.

१९५४ साली त्यांनी टेम्पलटन ग्रोथ फंड स्थापिला. पुष्कळ लोकांचे थोडे थोडे पैसे एकत्र करून अनेक कंपन्यांत गुंतवावे व नफा-तोटा सर्वांनी वाटून घ्यावा, ही म्युच्युअल फंडाची रीत होय. त्या काळी अमेरिकन लोक आपल्या देशाबाहेर पैसा घालण्यास धजत नसत. टेम्पलटन जगभर शोध घेत. युद्धात होरपळलेल्या जपानचा माल म्हणजे हलका माल, असे सर्व जण म्हणत असता तेथील उत्तम कंपन्यांचे शेअर त्यांच्या वार्षिक उत्पन्नाच्या चौपट किमतीस मिळतात हे त्यांनी हेरले. पुढे जपानचा जयजयकार सुरू झाला तेव्हा ते हळूहळू तेथून बाहेर पडले होते. १९५४ साली या फंडात ठेवलेले दहा हजार डॉलर, लाभांश पुन्हा त्यातच गुंतविला असता, १९९२ पर्यंत सुमारे वीस लाख झाले. हा चक्रवाढीचा दर शेकडा सुमारे १५ पडतो. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हिशेब करून पडताळा पाहावा.

त्यांच्या चरित्रातील एक बाजू मात्र वादग्रस्त आहे. १९६० च्या दशकात ते बहामा बेटांवर जाऊन राहिले व अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी सोडले. १९९२ साली त्यांनी आपला धंदा फ्रँकलिन नावाच्या कंपनीस विकला, तेव्हा यामुळे सुमारे दहा कोटी डॉलरचा कर वाचला. कायदा मोडला नव्हता हे खरे, आणि ते धन पुढे दानात गेले हेही खरे. तरीपण ज्या देशाच्या शाळांत व बाजारांत मनुष्य वाढला, त्या देशाचा हिस्सा देऊन मग उरलेले दान करावे, की हिस्सा टाळून दान थोर करावे? मला पहिला मार्ग अधिक सरळ वाटतो. सुज्ञ वाचकांचे मत निराळे असू शकेल.

धंदा विकला तरी नाव मागे राहिले. एप्रिल २०२० मध्ये हिंदुस्थानातील फ्रँकलिन टेम्पलटन कंपनीने रोख्यांत पैसा गुंतविणाऱ्या आपल्या सहा योजना एकाएकी बंद केल्या आणि अनेक कुटुंबांचा पैसा काही काळ अडकून पडला. सर जॉन यांस जाऊन तेव्हा जवळजवळ बारा वर्षे झाली होती.

दानाविषयी आता थोडे. विज्ञान, साहित्य इत्यादींस नोबेल पारितोषिक आहे, पण धर्माच्या क्षेत्रातील कार्यास नाही, हे पाहून त्यांनी १९७२ साली टेम्पलटन पारितोषिक स्थापिले आणि त्याची रक्कम सदैव नोबेलहून अधिक असावी असे ठरविले. स्वतः ते प्रेस्बिटेरियन पंथाचे होते, पण पारितोषिक कोणा एका धर्मास बांधले नाही. १९७३ साली ते प्रथम मदर तेरेसा यांस मिळाले व १९७५ साली डॉ. राधाकृष्णन यांस. १९९० साली वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरोग्यांस घाम गाळून भाकरी मिळविण्याचा मान परत देणारे बाबा आमटे यांस ते ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ चार्ल्स बर्च यांच्यासमवेत मिळाले, आणि १९९७ साली स्वाध्याय कार्याचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले यांस. इंग्लंडच्या राणीने १९८७ साली टेम्पलटन यांस ‘सर’ ही पदवी दिली, व त्याच वर्षी त्यांनी आपले प्रतिष्ठानही स्थापिले.

अध्यात्मातही विज्ञानाप्रमाणे प्रयोग व्हावेत, असा त्यांचा आग्रह होता. पुष्कळ शास्त्रज्ञांस हे मुळीच रुचले नाही. पैशाच्या जोरावर विज्ञानात धर्म घुसविला जात आहे असे ते म्हणत. या वादात एक प्रसंग फार बोलका आहे. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केल्यास त्यांची प्रकृती लवकर सुधारते काय, हे तपासण्यास चोवीस लाख डॉलर खर्च आला व त्यातील बहुतेक पैसा टेम्पलटन प्रतिष्ठानाने दिला. सहा रुग्णालयांतील १,८०२ रोगी त्यात होते. प्रार्थना होईल की नाही हे ज्यांस निश्चित सांगितले नव्हते, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्यांत शेकडा ५२ रोग्यांस शस्त्रक्रियेनंतर काही ना काही उपद्रव झाला, न झालेल्यांत शेकडा ५१. म्हणजे फरक नाहीच. आणि आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे ज्यांस ठाऊक होते, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ५९ भरले! कदाचित आपली प्रकृती फार चिंताजनक असावी असे त्यांस वाटले असेल. प्रार्थनेवर श्रद्धा ठेवणाऱ्या आम्हां लोकांस हा निष्कर्ष सुखद नाही. पण प्रश्न विचारण्यास पैसा श्रद्धाळू मनुष्यानेच दिला होता, आणि उत्तर आले तसेच, एप्रिल २००६ मध्ये, वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले.

टेम्पलटन तेव्हा ९३ वर्षांचे होते. ८ जुलै २००८ रोजी बहामातील नासाऊ येथे त्यांचे निधन झाले. बाबा आमटे त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते.