क्लाउनफिश नवशिक्याला झेपेल काय?

खाऱ्या पाण्याची टाकी प्रथमच मांडणाऱ्याने क्लाउनफिश घ्यावी काय, असे काही बंधू विचारतात. आमच्या मते खुशाल घ्यावी. पण आधी पाणी, मग मासा. निळीचा हौद तयार झाल्याशिवाय रंगारी त्यात कापड बुडवत नाही. नव्या टाकीतही अमोनिया व नायट्राइट शून्यावर येण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्याआधी मासा विकणारा दुकानदार गिऱ्हाईक आणि मुका जीव, दोन्ही गमावतो.

मासा हॅचरीत वाढलेलाच मागावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे त्याची पैदास साधली आहे. समुद्रातून पकडलेला पुष्कळदा रोग घेऊन येतो. समुद्रफुलाचा खर्च मात्र तूर्त टाळावा. त्यावाचून क्लाउनफिशचे अडत नाही. पाणी उडते, मीठ उडत नाही; म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालावी.